अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याआधी: ॲपवाल्या कंपनीचा आयपीओ कसा तपासावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेणारा व्यापारी नुसतं पॉलिश बघून बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. ॲपवाल्या नव्या कंपनीने आयपीओ आणला, म्हणजे पहिल्यांदाच लोकांना शेअर विकायला काढले, की मोडून बघायचं हळकुंड म्हणजे तिचं आरएचपी (रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस), विक्रीआधीचं माहितीपत्रक. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं. पानं शेकड्यांनी असतात, पण कामाची वीस-पंचवीसच.

सुरुवात राखीव हिश्श्यापासून करा. किरकोळ गुंतवणूकदारांना एरवीच्या 35 टक्क्यांऐवजी 10 टक्केच ठेवले असतील, तर कंपनी बहुधा सेबीच्या नफ्याच्या अटीत बसलेली नाही. हिस्साच एवढासा, मग तो 'दहा पट भरला' अशी बातमी यायला कितीसा वेळ लागतो? त्या आकड्यावर भुलू नका. ग्रे मार्केटच्या प्रीमियमवर, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधी अनधिकृत सौद्यांत मिळणाऱ्या जादा भावावर, तर मुळीच नको.

आता उत्पन्न. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. अडत्याच्या पेढीवर कोटीची हळद विकली गेली, तरी त्याची कमाई अडतीपुरतीच. ॲपचंही तसंच: जाहिरातीत झळकते ती ॲपवरून झालेली एकूण विक्री, कंपनीचं उत्पन्न म्हणजे त्यातलं कमिशन. म्हणून 'रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स' हीच ओळ धरा. इश्यूनंतरचे एकूण शेअर गुणिले इश्यू किंमत, भागिले ही रक्कम: कंपनीचं मोल उत्पन्नाच्या किती पट लावलंय ते कळतं. इश्यूआधीचे शेअर धरले तर कंपनी आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते. ही चूक नेहमीची.

पेटीएमचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2021 मध्ये 2,150 रुपयांच्या भावाने कंपनीचं मोल सुमारे 1.39 लाख कोटी होत होतं आणि आधीच्या वर्षाचं उत्पन्न होतं सुमारे 2,800 कोटी. म्हणजे जवळपास 50 पट. 18,300 कोटींच्या इश्यूतले 10,000 कोटी जुन्या भागधारकांच्या खिशात जाणार होते, कंपनीच्या नव्हे. पहिल्याच दिवशी शेअर 27 टक्के पडला.

तोटा दिसला की फुगा, असंही नाही. मार्च 2000 नंतर नॅस्डॅक हा अमेरिकेतला, टेक कंपन्यांचा भरणा असलेला निर्देशांक अडीच वर्षांत सुमारे 78 टक्के घसरला. पाळीव प्राण्यांचं सामान ऑनलाइन विकणारी पेट्स डॉट कॉम 2000 मध्येच बंद पडली. तोट्यातलीच ॲमेझॉन टिकली. तेव्हा तोटा कशापायी होतोय ते शोधा. तीन वर्षांचा जाहिरात आणि सवलतींचा खर्च उत्पन्नाशेजारी मांडा. उत्पन्न 40 टक्क्यांनी आणि हा खर्च 60 टक्क्यांनी वाढत असेल, तर गिऱ्हाईक पैसे मोजून आणलंय. सवलत थांबली की ते जाईल. 'ॲडजस्टेड एबिटडा' (व्याज, कर, घसारा धरण्याआधीचा आणि कंपनीने आपल्या हिशोबाने आणखी काही खर्च बाजूला काढून दाखवलेला नफा) वाचताना त्यातून कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च वगळलाय का, तेही बघा.

मग कॅश फ्लो, म्हणजे रोख पैशाची ये-जा. हातात 120 कोटी आणि कामकाजात महिन्याला 15 कोटी जात असतील, तर आठ महिन्यांत पुन्हा झोळी पसरावी लागणार.

एवढं बघूनही भरायचाच असेल, तर एकच लॉट (अर्ज करता येणारा शेअरचा सगळ्यात लहान गठ्ठा) भरा. इश्यू खूप भरला की किरकोळ वाट्यात सोडतीने एकेकच लॉट मिळतो. शेवटच्या दिवशी पाचच्या आत यूपीआय मॅंडेट, म्हणजे खात्यात अर्जाची रक्कम अडवून ठेवायची परवानगी, मंजूर करा. शेअर लागलेच, तर जुन्या गुंतवणूकदारांचा सहा महिन्यांचा लॉक-इन (शेअर विकायची बंदी) कधी संपतो ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. झोमॅटोचा तेव्हाचा एक वर्षाचा लॉक-इन जुलै 2022 मध्ये सुटला आणि शेअर एका दिवसात 11 टक्क्यांहून जास्त खाली आला.