मोजा विणलेला की सुईने गुंफलेला? संग्रहालयातील जुनी फासेदार वस्त्रे ओळखताना

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले तांबड्या लोकरीचे मोजे इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडले. इसवी सन २५० ते ४२० या काळातले, अंगठ्यासाठी वेगळा कप्पा असलेले हे मोजे वरवर दोन सुयांवर विणलेले वाटतात; प्रत्यक्षात ते नेढे असलेल्या एकाच सुईने, नॉलबिंडिंग पद्धतीने केलेले आहेत. फसवतात त्या पृष्ठभागावरच्या ‘व्ही’ आकाराच्या ओळी.

म्हणून भिंगातून आधी एका टाक्याचे दोन पाय पाहावेत. साध्या सुलट विणीत ते एकमेकांना न छेदता वर जातात, तर या मोज्यांत एकावरून एक गेलेले असतात. मात्र सुलट टाका मागून उचलून विणला तरी नेमके असेच दिसते, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नये. काम कोणत्या टोकाकडून सुरू झाले ते शोधावे: विणकामात ‘व्ही’चे उघडे तोंड काम पुढे सरकते त्या दिशेला असते, या नॉलबिंडिंगमध्ये ते सुरुवातीकडे असते. बोटांकडून सुरू केलेल्या मोज्यात ‘व्ही’ बोटांकडे उघडत असेल, तर तो विणलेला नाही. शिवाय इथे प्रत्येक टाक्यातून धाग्याची सगळी लांबी ओढून घ्यावी लागत असल्याने धागे आखूड असतात आणि उलट बाजूला जागोजागी जोड सापडतात. फाटलेल्या जागी टाके शिडीसारखे उसवतही नाहीत. सीरियातील दुरा-युरोपोस या प्राचीन शहरात सापडलेले तुकडे बराच काळ विणलेले समजले जात होते. १९७२ मध्ये वस्त्र-अभ्यासक डोरोथी बर्नहॅम यांनी ते नॉलबिंडिंगचे असल्याचे दाखवले. जुन्या नोंदपत्रावरचा ‘विणलेला’ हा शब्द त्यामुळे मी तरी पुरावा मानत नाही.

क्रोशाचा विचार एकोणिसाव्या शतकाआधीच्या वस्तूसाठी सहसा करू नये.

मूळ ठिकाण ठरवणे अधिक अवघड आहे. उत्खननाची नोंद असेल तर ती सर्वांत मोलाची. त्यानंतर धाग्याचा पीळ पाहावा. इजिप्तमध्ये तो बहुधा ‘एस’च्या तिरक्या रेघेसारखा, तर भारतीय सुतात बहुधा ‘झेड’सारखा असतो, आणि फुस्तात (जुने कैरो) येथे सापडलेले गुजराती छापील कापड ओळखतानाही हा पीळ उपयोगी पडतो. निळ्या रंगावरून मात्र भारत गाठण्याची घाई नको, कारण युरोपातील वोड या वनस्पतीतूनही तेच नीळद्रव्य मिळते. यॉर्क शहरातील कॉपरगेट येथील उत्खननात मिळालेला दहाव्या शतकातला मोजा केवळ ही नॉलबिंडिंगची पद्धत इंग्लंडमध्ये अन्यत्र आढळत नाही म्हणून स्कँडिनेव्हियाचा मानला जातो. हा तर्क संभाव्य आहे, पण मोजा यॉर्कमध्येच बसून एखाद्या स्थलांतरिताने केला असण्याची शक्यता तो नाकारू शकत नाही.