ऑटो-रिप्लायचा प्रेषक बदलला आणि तिकिटांचा पूर थांबला

सोमवारी सकाळी सपोर्टची तिकीट सिस्टीम, म्हणजे ग्राहकांच्या मेलची नोंद ठेवणारी, उघडली, तर एकाच ग्राहकाच्या नावावर शेकडो तिकिटं! तो सुट्टीवर होता. त्याचा ‘रजेवर आहे’ मेल आमच्या आपोआप जाणाऱ्या पोचपावतीला उत्तर देत होता आणि आमची पोचपावती त्या मेलला.

आधी वाटलं, नो-रिप्लाय, म्हणजे उत्तर न स्वीकारणारा, पत्ता लावून मोकळं व्हावं. पण लोक पोचपावतीलाच उत्तर देऊन स्क्रीनशॉट पाठवतात. ते हरवणं मला मान्य नव्हतं. म्हणून ‘फ्रॉम’मध्ये सपोर्टचा खरा पत्ताच ठेवला. एन्व्हलपमधला प्रेषक, म्हणजे बाउन्स जिथे परत येतो तो पत्ता, मात्र रिकामा केला, म्हणजे ऑटो-रिप्लायला उत्तर पाठवायला पत्ताच उरत नाही. शिवाय २००४च्या आरएफसी ३८३४मधलं (आपोआप जाणाऱ्या मेलबद्दलच्या शिफारशींचा इंटरनेट दस्तऐवज) ‘ऑटो-सबमिटेड: ऑटो-रिप्लाइड’ हेडर, म्हणजे ‘हे उत्तर आपोआप गेलंय’ असं सांगणारी मेलमधली तांत्रिक ओळ, जोडलं. येणाऱ्या मेलवर ते दिसलं, तर आता पोचपावती जातच नाही.