उद्या सौरडाग टिपायचे, तर आज रात्री

जेवणं आटोपली की दिवे मालवा आणि दुर्बिणीचा सूर्य-फिल्टर हातात घ्या. मागून टॉर्च धरून त्यातली फिल्म इंच न् इंच तपासा. सुरकुत्या चालतात, ओरखडा किंवा लुकलुकणारा ठिपका चालत नाही. मागच्या डिसेंबरात माझ्या फिल्मवर, पुठ्ठ्याच्या रिंगणाला लागून, मोहरीएवढा उजेड दिसला. डबा उघडताना नख लागलं असावं. फिल्म तिथंच कापून टाकली आणि दुसऱ्या दिवशीचा बेत सोडला. जीव हळहळला, पण डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, हे विसरून कसं चालेल?

फिल्म घनता 5 ची हवी. ती उजेडाचा एक लाखावा भागच आत सोडते. 3.8 ची फक्त कॅमेऱ्यासाठी, तिला डोळा लावायचा नाही. एक्स-रे, काजळी धरलेली काच घरीच राहू द्या. जुन्या दुर्बिणीसोबत आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचा छोटा काळा फिल्टर आला असेल तर तो फोडूनच टाका, तापून तडकतो. फिल्टर दुर्बिणीच्या नळीच्या सूर्याकडच्या तोंडावरच बसवायचा आणि कडेनं टेप मारायचा, कारण आपल्या पठारावरचा वारा सैल टोपी उडवतो. बेळगावजवळच्या राजहंसगडावर जाणार असाल तर टेप दुप्पट. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण घाला. नेम नळीच्या सावलीवरून धरा, सावली सगळ्यांत लहान झाली की सूर्य समोर आला.

बॅटरी चार्ज करा, कार्ड रिकामं करा, डोक्यावर घ्यायला काळं कापड घ्या. थंडीत खानापूरकडे धुकं विरेपर्यंत थांबावं लागतं, पण फार उशीर नको. ऊन तापलं की प्रतिमा थरथरते. पत्र्याच्या छपरावरून नेम नको, शेताचा हिरवा बांध बरा. कॅमेऱ्याचा आयएसओ (संवेदनशीलता) 100, शटर 1/500 सेकंदापासून सुरुवात करा. फोकस आधी सूर्याच्या कडेवर, मग डागाच्या गडद गाभ्याभोवतीच्या करड्या झालरीवर; ती झालर सुटी दिसली की वीस-तीस फोटो घ्या. वहीत वेळ लिहा आणि चार-पाच दिवस त्याच वेळी टिपा. पृथ्वीवरून पाहता सूर्याची स्वतःभोवतीची फेरी सुमारे 27 दिवसांची, त्यामुळं डाग रोज पुढं सरकलेला दिसतो.

शेजारची पोरं येणारच. त्यांना जरूर दाखवा, पण चहाला उठायचं झालं तर आधी नळी सूर्यावरून वळवा, मगच फिल्टर काढा आणि झाकण लावूनच उठा.