डिस्क गेली म्हणण्याआधी: किनारपट्टीवर हमखास होणाऱ्या या चुका टाळा

किनाऱ्यालगतच्या गावांत कॉम्प्युटर दुरुस्तीला येतो तो निदान सोबत घेऊनच येतो. रत्नागिरीकडे "हार्ड डिस्क उडालीय, नवीन टाका" म्हणतात, मालवणकडे "डी ड्राइव्ह दिसना नाय" म्हणतात, मतलब तोच. उघडून बघावं तर बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते; बिघडलेली असते ती केबल, सप्लाय नाहीतर बायोसमधली (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) एखादी सेटिंग. आणि डिस्क खरोखरच आजारी असेल, तर तिचा जीव पुष्कळदा घरच्या उपचारांनीच जातो.

फॉरमॅट करू का? नको!

विंडोजला एखादा ड्राइव्ह वाचता आला नाही की ती सरळ विचारते, वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवा, करू का? सवयीने 'हो' दाबणारे खूप. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं तर फाइली जागेवरच असतात, फक्त त्यांची यादी पुसली जाते, त्यामुळे वर नवीन काही लिहिलं नसेल तर बहुतेक परत मिळतात. एसएसडीचं, म्हणजे फिरणारे भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कचं, तसं नाही. फॉरमॅट होताच विंडोज ट्रिमची, म्हणजे 'ही जागा आता नको' अशी, आज्ञा पाठवते, एसएसडी ती जागा रिकामी करायला घेते आणि मग कितीही महागडं रिकव्हरी सॉफ्टवेअर आणलं तरी हाती शून्य. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी हे एवढं तरी पक्कं लक्षात ठेवावं.

दुसरा लाडका उपाय म्हणजे चेकडिस्क, विंडोजमधलीच डिस्क तपासायची सोय. ती फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची मांडणी, दुरुस्त करते, डिस्क नाही. मरायला टेकलेल्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर (साठवणीचा बारीक कप्पा) वाचायला लावणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला रायगड चढायला लावण्यासारखं आहे. आधी आख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू यासाठी उत्तम. ते चांगला भाग आधी उचलून घेतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. परत मिळवलेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करू नका, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

डिस्क खरंच आजारी आहे का, हे बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्यात कच्चे आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत, दिसतात, ते बघून लोक घाबरतात. सेटिंगमध्ये जाऊन ते दशमान करून घ्या. मग ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. ०५ म्हणजे बदली जागा दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णयासाठी ताटकळलेले, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. हे आकडे शून्य असावेत. वाढत असतील तर डेटा आजच हलवा. पण याच यादीत सी७ नावाची ओळ असते. ती वाढत असेल तर दोष सहसा डिस्कचा नसतो, केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या, शंभर-दीडशे रुपयांच्या साटा केबलवर काम भागतं. एक मात्र आहे, केबल बदलली तरी हा आकडा खाली येत नाही. तो तिथेच थांबला की समजायचं, जमलं.

खारा वारा आणि हिरवं तांबं

आता आपल्या भागातला मुख्य शत्रू. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि मीठ-पाण्याचा पातळ थर धातूच्या टोकांवर बसला की तांबं हिरवं पडायला लागतं. हर्णै, गुहागर, देवगड, वेंगुर्ला, कुठेही समुद्राकडे खिडकी असलेल्या खोलीतला कॅबिनेट उघडा, साटाच्या पिना काळपट आणि स्क्रूंवर तांबेरा दिसेलच. त्यात "गरम होतो म्हणून" कॅबिनेटचं एका बाजूचं पान काढून ठेवायची पद्धत. पान काढल्याने गारवा किती मिळतो ते सोडा, खारी हवा, मुंग्या आणि पाली यांची मात्र सोय होते. एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये) शिरलेली पाल दोन टोकांमध्ये आली की ती जाते आणि सप्लायही जातो.

डिस्क दिसत नसेल तर पहिलं काम असं: मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग साटाची डेटा आणि पॉवर दोन्ही टोकं चार-पाच वेळा काढून परत लावा. एवढ्या घासण्याने पिनांवरचा थर निघतो आणि अनेक 'मेलेल्या' डिस्क इथेच जिवंत होतात. रॅम आणि एम.२ (पट्टीच्या आकाराच्या) एसएसडीच्या सोनेरी टोकांना शाळेतला पांढरा मऊ खोडरबर चालतो. शाई खोडायचा खरबरीत नको, तो सोन्याचा मुलामाच काढतो. नंतर चुरा झटकून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. हाताचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. अत्तर आणि पेट्रोलवाल्यांना तर हात जोडूनच सांगतो.

जुन्या साडेतीन इंची डिस्कची एक गोष्ट फार जण बघत नाहीत. खालचा हिरवा बोर्ड चार-सहा स्टार स्क्रूंनी बसवलेला असतो. काही डिस्कमध्ये तो काढला की आतल्या बाजूला टिकलीएवढे पॅड दिसतात, त्यांवर आतल्या हेडचे (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचे) स्प्रिंगसारखे संपर्क टेकलेले असतात. समुद्राजवळच्या डिस्कमध्ये हे पॅड अगदी काजळ लावल्यासारखे झालेले असतात. हलक्या हाताने रबर फिरवला, अल्कोहोलने पॅड पुसले आणि बोर्ड परत बसवला की टक्-टक् करणारी डिस्क कधी कधी गप्प फिरायला लागते. पण बोर्डापर्यंतच. वरचं झाकण उघडायचं नाही. उघडलं की धूळ आत गेली आणि खेळ संपला. तसंच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावण्याची युक्तीही हल्ली सरळ चालत नाही, कारण त्या त्या डिस्कची जुळणी बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते.

झाकणावर 'हे भोक झाकू नका' असं लिहिलेलं बारीक भोक असतं, त्यावर दमट हवा जाऊ नये म्हणून टेप लावू नका. आतला आणि बाहेरचा दाब सारखा ठेवायला ते लागतं, आत गाळणी असते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात, तिथे हा प्रश्न नाही.

बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजून कुणीतरी सुचवतंच. जुलै महिन्यात आपल्याकडे गार वस्तू बाहेर काढली की क्षणात घाम फुटतो, तोच प्लॅटरवर (आतल्या फिरत्या चकतीवर) फुटेल. हाच प्रकार लॅपटॉपचाही. एसी डब्यातून २२ अंशांत रात्र काढून पहाटे कणकवलीला उतरलात आणि बाहेरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होतात) २५ अंशांवर असेल, तर बॅगेतला लॅपटॉप लगेच उघडून चालू करू नका. बॅग बंदच ठेवा, तास-दोन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

अर्थिंग आणि लाइट

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? "थोडा करंट येतो, काही होत नाही" म्हणून लोक चप्पल घालून काम करतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात आणि अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब चढतो. प्रवाह किरकोळ असतो, माणसाला धोका सहसा नसतो, पण चालू मशीनला यूएसबी डिस्क किंवा एचडीएमआय जोडताना तो पोर्ट जाळू शकतो. आपल्याकडे जांभ्यावर घरं. कातळात अर्थिंगचा खड्डा उथळच मारलेला असतो आणि एप्रिल-मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा. कोळसा-मीठ घालून बुजवलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला हवं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या पुढे असेल तर गडबड आहे.

गणपतीत चाकरमानी आले, घरोघरी रोषणाई लागली की व्होल्टेज बसतं. स्वस्त एसएमपीएस तेव्हा दम टाकतो, १२ व्होल्टची लाइन डळमळते आणि डिस्क फिरता फिरता थांबते. मग तो दोष डिस्कच्या नावावर. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावला असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना बघा. लाइट गेल्यावर एसएमपीएस पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, आणि दुसऱ्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा होऊ शकतो.

मे अखेर आणि ऑक्टोबरच्या दुपारी ढग गडगडू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. राउटरची लॅन केबलसुद्धा. तिच्यातूनही मदरबोर्ड जातात.

नवीन एसएसडी टाकताना

एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. त्या आकारात जुन्या पद्धतीची साटाही येते आणि वेगवान एनव्हीएमईही. साटाची गाडी ५५० एमबी प्रतिसेकंदाच्या आसपास थांबते, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची ३,५०० पर्यंत जाते. लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटा घेत असेल तर एनव्हीएमई त्यात दिसणारच नाही, मग ती 'डेड' म्हणून परत पाठवली जाते. डेस्कटॉपवर उलटं: एम.२ बसवली आणि जुनी डिस्क गायब. कित्येक मदरबोर्डांत एम.२ स्लॉट एक-दोन साटा पोर्टशी वाटा करून असतो. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावा, झालं.

नवीन डिस्क बायोसमध्ये दिसते पण माय कॉम्प्युटरमध्ये नाही? ती कोरी आहे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, इनिशिअलाइज आणि जीपीटी (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडलीत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजण्याची पद्धत वेगळी. फसवणूक असते ती ८०० रुपयांत मिळणाऱ्या २ टीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये. एच२टेस्टडब्ल्यू हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा, खरी जागा कळेल.

अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी येते, तेव्हाही डिस्क गेलेली नसते. व्हीएमडी, म्हणजे इंटेलची डिस्क सांभाळायची सोय, चालू असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन तिथेच लोड करा. चालू विंडोज असलेल्या मशीनवर मात्र उगाच बायोसमध्ये जाऊन डिस्क चालवण्याची रेड पद्धत बदलून एएचसीआय करू नका, निळा पडदा येऊन विंडोज सुरूच होणार नाही. कधी कधी हे आपण करतही नाही: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की सेटिंग आपोआप मूळपदावर जाते. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर आधी तो सेल बदला.

आणि बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क गुपचूप कुलूपबंद होते. बायोस बदलण्याआधी किंवा डिस्क काढण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या. ती नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढल्यावर, म्हणजे क्लोन केल्यावर, पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोज गोंधळते.

पाण्यात गेलेली डिस्क

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं तेव्हा दुकानंच्या दुकानं कॉम्प्युटरसकट चिखलात होती. अशा वेळी जे सुचतं तेच नेमकं चुकीचं असतं: उन्हात वाळवणे, तांदळात पुरणे, हेअर ड्रायर मारणे आणि 'बघू तरी' म्हणून चालू करणे. गाळ प्लॅटरवर सुकला की घट्ट बसतो आणि चालू केल्यावर हेड त्यावरूनच घासत जातं. डिस्क फिरवलीच नसेल तर आतला डेटा बहुतेक शाबूत असतो.

मशीनचा मुख्य प्लग काढा, डिस्क बाहेर घ्या. वरवरचा चिखल पुसा, घासू नका. ओलसर आहे तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे लवकरात लवकर पोचवा, साधा दुरुस्तीवाला नव्हे. कुरिअरने पाठवत असाल तर पाकिटावर ठळक लिहा: पुराच्या पाण्यात बुडालेली, चालू केलेली नाही.