गॅदरिंगचं गाणं बसवताना या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की माझ्या गाण्याच्या क्लासला पालकांचे फोन सुरू होतात. "बाई, आता ते अलंकार-बिलंकार राहू द्या, गॅदरिंगचं गाणं तेवढं बसवून घ्या की." अलंकार म्हणजे स्वरांचे सरावाचे पाठ, तेच बाजूला पडतात. गॅदरिंग संपेपर्यंत संक्रांत येते, आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते आणि मुलं थेट फेब्रुवारीत पेटीसमोर बसतात. तोवर शुद्ध निषाद, म्हणजे सप्तकातला 'नी', कुठे गेला ते त्यांना आठवत नाही.

मीही बरीच वर्षं तसंच बसवून दिलं. मग एका गॅदरिंगला मोबाइलवर लावलेला साथीचा ट्रॅक मध्येच अडकला. माझी चौथीतली विद्यार्थिनी नेमकी अंतऱ्यावर होती. तिला सगळं गाणं पाठ होतं, पण मुखड्यापासून, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीपासून, निघाल्याशिवाय अंतरा सापडेना. दोनदा पहिल्यापासून सुरुवात करून शेवटी ती विंगेत निघून आली. "सात नवे किती?" विचारल्यावर "सात एके सात"पासून सुरुवात करणारं मूल आठवा. मी तिच्याकडून गाण्याचा पाढा करून घेतला होता.

तुमच्या मुलाचं तसंच झालंय का, हे आज घरीच बघता येईल. ट्रॅक बंद करा आणि दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ म्हणायला सांगा. अडखळला तर गाणं उलटीकडून बसवा: आधी शेवटची ओळ, मग तिच्या आधीची, मग दोन्ही जोडून. प्रत्येक ओळ कोणत्या स्वरावर उभी राहते, तेवढं तरी त्याला म्हणून दाखवता आलं पाहिजे.

सगळ्यात मोठा घोळ गाणं निवडतानाच होतो. मूल सहा महिने भूप राग शिकत असतं आणि गॅदरिंगला मिळतं कोमल स्वरांच्या हरकतींनी, म्हणजे गळ्याच्या छोट्या वळणांनी, भरलेलं सिनेमातलं गाणं. मग क्लासचा स्टेजशी संबंध उरतोच कुठे? भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे हातात पाचच स्वर. त्या पाचांवर उभी असलेली भक्तिगीतं आणि भावगीतं मराठीत भरपूर आहेत. त्यातलं एक घ्या. मग 'सारेग, रेगप, गपध, पधसां' हा अलंकार वेगळा घोटायला नको. अंतरा तार षड्जाकडे चढतो तिथे बहुतेक वेळा 'पधसां'च लागतं आणि मूल चमकून म्हणतं, "बाई, हे तर आपलंच!" त्यानंतर अलंकार म्हणायला कुणाला सांगावं लागत नाही.

पट्टीचं, म्हणजे गाण्याचा 'सा' किती उंच धरायचा याचं, तर कुणी बघतच नाही. मोबाइलवरचा ट्रॅक मूळ गायकाच्या गळ्याला बेतलेला असतो. पुरुष गायक पेटीवरच्या काळी एकच्या आसपास गायलेला असतो आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला काळी चार सोयीची. खाली तिचा आवाज पुटपुटल्यासारखा येतो, वर गेली की किंचाळते, आणि आपण म्हणतो, "आत्मविश्वास कमी आहे." ट्रॅकची पट्टी बदलून देणारी ॲप्स आहेत, ती वापरा. बारा-तेराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटायला लागला असेल, तर मागच्या वर्षीच्या पट्टीत त्याला मुळीच रेटू नका. त्याला एक वर्ष पेटी वाजवू दिली तरी चालेल.

लयीचा प्रश्न वेगळाच आहे. आमच्याकडे एक पोरगा आहे, गणपतीत हलगीवर दोन-दोन तास लेझीम खेळतो, पाऊल चुकत नाही. पण पेटीवर बसला की केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, पळायला लागतो. त्याला मात्रा मोजून दाखवण्यात माझे तीन आठवडे गेले. शेवटी म्हटलं, ऊठ, लेझमीची पावलं टाकत गाणं म्हण. आठ मात्रा बरोब्बर बसल्या. सोलापूरच्या मुलांच्या पायात लय असतेच, ती गळ्यात आणायची असते. ट्रॅक हे काम करत नाही, कारण मूल नुसतं त्याच्या मागे धावतं. म्हणून आधी टाळी, मग तबला आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक. तीनतालातली बंदिश असेल तर एवढं तपासा: मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठत असेल, तर मूल पहिल्याच शब्दावर समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, टाळी देतं का? बरीच मुलं देतात.

आता उलट चूक, आणि ती आम्हा शिक्षकांची. "आधी पाया पक्का, मग गाणं" म्हणत वर्षभर नुसते पलटे, म्हणजे स्वरांचे तेच ते पाठ. मूल कंटाळून क्रिकेटला जातं, आणि त्याचं काय चुकलं? शास्त्रीय गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पण ते स्वतः शिष्यांना घेऊन जाहीर कार्यक्रमही करत होते. पहिल्याच महिन्यात मुलाला चार ओळींचं काहीतरी द्या आणि घरच्यांसमोर म्हणू द्या.

संगीताच्या परीक्षांचंही गॅदरिंगसारखंच होतं. प्रारंभिक, लगेच प्रवेशिका, की झाली घाई विशारदची. पाच ताना पाठ, सहावी स्वतः करायला सांगितली की मूल आईकडे बघतं. एक परीक्षा एका सत्रानं पुढे गेली तर काही बिघडत नाही.

पेटी एका बोटानं वाजवत असेल तर तेवढ्यापुरतं गाणं थांबवा. ती सवय नंतर सुटत नाही.

आमच्या क्लासमध्ये आता पाऊण तासातली पहिली दहा मिनिटं षड्ज आणि अलंकार, कार्यक्रम उद्यावर आला तरी. गाणं सहा आठवडे आधी ठरतं. शेवटच्या आठवड्यात गाण्यात नवीन हरकत घालायची नाही, "पहिल्यापासून म्हण" नाही. अडणारी ओळ तेवढी निम्म्या लयीत. आदल्या दिवशी शेजारच्या काकूंसमोर एकदा उभं राहून गाणं, शक्यतो पंखा आणि टीव्ही सुरू असताना. ट्रॅक तिथेही मध्येच बंद करते, मुद्दाम. त्या चौथीतल्या मुलीच्या धाकट्या भावानं परवा मागे वळूनही न बघता पुढची ओळ उचलली.