सांधा खरंच जखडलाय का, ते आधी हाताला विचारा

जॉइंट मोबिलायझेशन, म्हणजे जखडलेला सांधा हाताने हलवून मोकळा करणं, नुकतंच शिकायला लागलेल्यांसाठी लिहितेय. मेटलंडच्या ग्रेड (हालचाल किती मोठी आणि कुठे द्यायची याच्या पायऱ्या), काल्टेनबोर्नचं ट्रॅक्शन (सांध्याची हाडं एकमेकांपासून ओढणं), कॉनव्हेक्स-कॉनकेव्ह रूल (हाडाच्या टोकाच्या आकारावरून ते कुठल्या दिशेला सरकवायचं याचा नियम) हे सगळं तुम्हाला येत असणार, त्यामुळे परत सांगत बसत नाही. एकच आठवण करून देते, ग्रेड म्हणजे जोर नव्हे. ग्रेड 1 आणि 4 दोन्हीची हालचाल छोटीच असते, 1 रेंजच्या (सांधा जेवढा हलतो त्या टप्प्याच्या) सुरुवातीला आणि 4 रेंजच्या शेवटी, एवढाच फरक. 2 आणि 3 ची हालचाल मोठी, 2 टोकाला न पोचता, 3 टोकापर्यंत. तरी "अजून जोर लाव, ग्रेड वाढव" असं म्हणणारे सीनियर भेटतात, त्यांचं ऐकू नका.

आता मुख्य गोष्ट. मी स्वतः बराच काळ अडकले ती जागा म्हणजे गार्डिंगलाच (दुखेल म्हणून पेशंटचे स्नायू आवळणं) कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) टाइट समजणं. फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा जखडलेला, पेशंट झोपवला, कोपर अंगाजवळ ठेवून हात बाहेर फिरवायला घेतला आणि समजा 20 डिग्रीला थांबला. आपण लगेच कॅप्सूल टाइट म्हणून मोकळे होतो आणि रेंजच्या टोकाला जाऊन ढकलायला लागतो. पण तो थांबला कसा? कॅप्सूलचा एंड फील, म्हणजे हालचालीच्या टोकाला हाताला लागणारी जाणीव, चामडं ताणल्यासारखा असतो, हळूहळू घट्ट होत जातो, शेवटी किंचित देतो, आणि दर वेळी साधारण त्याच जागी अडतो. गार्डिंग झटकन अडतं. हाताखाली स्नायू कडक झालेला कळतो, पेशंट श्वास रोखतो, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली दिसते, आणि मुख्य म्हणजे अडण्याची जागा बदलते, आत्ता 20 ला अडलं तर थोड्या वेळाने 30 ला.

शंका आली की असं करा. कोपराखाली टॉवेलची घडी द्या म्हणजे हात मागे लोंबकळत नाही, खांदा अंगापासून साधारण 55 डिग्री बाजूला आणि 30 डिग्री पुढे अशा सैल पोझिशनमध्ये आणा, हाताचं सगळं वजन तुम्ही घ्या आणि ग्रेड 1-2 चं ऑसिलेशन (लयीत मागेपुढे हलवणं) द्या, सेकंदाला दोनतीन, मिनिटभर. मग पहिल्या वेळी मोजलं होतं अगदी त्याच पोझिशनमध्ये गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून परत मोजा. मिनिटात 15 डिग्री मिळाले तर ती कॅप्सूल नव्हतीच, कॅप्सूल मिनिटात एवढी लांबत नाही. अशा पेशंटला ग्रेड 4 दिलं तर दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की गार्डिंग वाढतं, आणि पुढच्या वेळी रेंज आणखी कमी घेऊनच तो येतो. रेझिस्टन्स (हाताला लागणारा अडथळा) लागायच्या आधीच दुखत असेल तर 1-2 वरच थांबा, आधी रेझिस्टन्स लागून मग दुखत असेल तर 3-4 चा विचार करा.

दिशेबद्दल थोडं. कॉनव्हेक्स-कॉनकेव्ह रूलप्रमाणे हात बाहेर फिरवण्यासाठी ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) डोकं पुढे सरकवायचं. पण 2007 मध्ये फ्रोझन शोल्डरवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात सहा सेशननंतर मागच्या दिशेच्या ग्लाइडने (सरकवण्याने) एक्स्टर्नल रोटेशन, म्हणजे हात बाहेर फिरणं, सरासरी 31 डिग्री वाढलं आणि पुढच्या ग्लाइडने फक्त 3. माझ्या मते रूल सुरुवातीचा अंदाज घ्यायला वापरावा, खरं उत्तर परत मोजल्यावरच मिळतं. आणि स्कॅप्युला (खांद्याच्या मागचं चपटं हाड) नीट फिक्स करा, नाहीतर ती सरकते आणि आपल्याला वाटतं खांदा सुटला.

दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर माझा अजिबात विश्वास नाही. कडकन आवाज काढणाऱ्या रील्स तर बघूच नका, आवाज आला म्हणजे रेंज वाढली असं होत नाही. जो शिक्षक तुमच्या हातावर हात ठेवून "हे बघ, इथे अडलं" म्हणतो त्याला धरून राहा, मग तो कितीही ओरडू दे. हात लगेच तयार होत नाही आणि त्यात तुमचा काही दोष नाही. सुरुवातीला सगळेच एंड फील सारखे वाटतात, सगळ्यांनाच. बॅचमेट्सचे निरोगी खांदे, घोटे, गुडघे रोज धरून बघा, नॉर्मल काय ते हातात बसलं की अबनॉर्मल आपोआप वेगळं लागतं.

पण काही ठिकाणी प्रयोग नकोच. गरम, सुजलेला सांधा, न जुळलेलं फ्रॅक्चर, हाडाचा कॅन्सर किंवा इन्फेक्शन असेल तर हात लावू नका. खूप वर्षं स्टेरॉइडवर असलेला पेशंट असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. एंड फील हाडासारखा कडक लागला तर ढकलू नका, हाडाला हाड लागलंय, तिथे ताणायला काहीच नाही. आणि मार लागलेल्या कोपराला जबरदस्तीने ताणू नका, तिथे स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो, मग रेंज वाढायच्या ऐवजी कायमची जाऊ शकते.

जोर अंगठ्याने लावू नका, टेबल खाली घ्या, कोपर सरळ ठेवून अंगाचं वजन वापरा, नाहीतर अंगठे लवकर दुखायला लागतात. आणि मिळालेली रेंज पेशंटला तिथल्या तिथे स्वतःच्या ताकदीने वापरायला लावा, छडी धरून हात बाहेर फिरवणं, भिंतीवर बोटं चढवणं, काहीही. घरी किती वेळा करायचं ते कागदावर लिहून द्या आणि पुढच्या वेळी टेबलवर घ्यायच्या आधी "करून दाखवा" म्हणा.