शाळांचे संगणक सांभाळताय? मग या चुका टाळा

शिरपूरपासून रावेरपर्यंत विखुरलेल्या शाळांचे संगणक मी बरीच वर्षं सांभाळतोय. जून उजाडला की फोन सुरू, आणि रडगाणं दरवर्षी तेच.

सगळ्यात महागात पडते ती अर्थिंगची चूक. यंत्रांवर लाखो रुपये घालतील, पण सॉकेटातल्या तिसऱ्या भोकामागे काय आहे ते कोणी बघणार नाही. एका शाळेत दोन पावसाळ्यांत पाच मदरबोर्ड उडाले. विकणारा म्हणे वीज खराब, वायरमन म्हणे माल खराब. मल्टिमीटर घेऊन गेलो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं, तिथे 38! मीटरच बिघडलाय असं वाटून दुसरा लावला, तोही तेच सांगे. शेवटी हिरव्या वायरीचा माग काढत गेलो, तर ती खिडकीच्या गजाला गुंडाळलेली. गजाला!

नवा खड्डा, प्लेट, मीठ, कोळसा, सगळं मिळून दोन मदरबोर्डांपेक्षा कमी खर्च आला. पण आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि नेमक्या वळवाच्या वेळी अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शिपाईमामा हसले, "सर, कांप्युटरले बी पानी पाजनं पडस का?" पडतं, मामा.

विजा कडाडू लागल्या की प्लग काढा, आणि नेटची वायरही. प्लग सगळे काढतात, वायर विसरतात.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. बस्स.

बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत नकोत. दहा अंश उष्णता वाढली की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि भुसावळचा मे तुम्हाला मी काय सांगू?

'अर्ध्या लॅबला नेट आहे, अर्ध्या नाही' असं झालं की मी आधी विचारतो, घरचा राउटर कोणी आणून लावला? एखाद्या उत्साही सरांनी तो स्टाफरूममध्ये जोडलेला असतो आणि तोही आयपी, म्हणजे मशीनचे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत सुटतो. त्याचं डीएचसीपी, म्हणजे हे पत्ते वाटायचं काम, बंद करा. मी तर स्विचच्या पेटीला कुलूपच लावतो, सर रागावले तरी.

विंडोज 10चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, म्हणून जुन्या मशीनवर क्रॅक केलेली विंडोज टाकणारे भेटतात. त्यापेक्षा उबुंटू टाका, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. यूडायस प्लस, म्हणजे शाळेची सरकारी माहिती, ब्राउझरमध्येच तर भरायची असते.

राहिली नवी पोरं. मशीन संथ झालं की यांचं पहिलं वाक्य, 'फॉरमॅट मारू का?' अरे, चार स्क्रू उघड, जुन्या डिस्कच्या जागी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसव, तेच मशीन मुलांना आणखी काही वर्षं पुरेल. पण दम कुणाला? एकाने क्लार्कभाऊंच्या मशीनला पार्टिशनसकट फॉरमॅट मारलं. दाखल्यांच्या जुन्या फाइल्स गेल्या, त्या वाचायला लागणारे फाँटही गेले. बॅकअप होता ना? होता, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये.

तेव्हापासून मी जुनी डिस्क पुसतच नाही. काढतो, तिच्यावर शाळेचं नाव आणि तारीख लिहितो आणि वर्षभर कपाटात ठेवतो.